चावी बरोबर आहे, मग ४०१ का? आंब्याच्या ऑर्डरी उचलणाऱ्या स्क्रिप्टचं लॉगिन तपासताना

प्रश्न थोडक्यात असा. देवगडच्या एका बागायतदारांची हापूस विकायची वेबसाइट आहे, वर्डप्रेसवर वूकॉमर्स हे ऑनलाइन दुकानाचं प्लगइन बसवलेली. त्यांच्या भाच्याने पायथनमध्ये एक स्क्रिप्ट लिहून दिली आहे. ती वेबसाइटच्या रेस्ट एपीआयकडून, म्हणजे प्रोग्रामने माहिती मागायच्या दारातून, ऑर्डरी उचलते आणि पॅकिंग शेडमध्ये पेट्यांवरची लेबलं छापते. नवं होस्टिंग घेतल्यापासून लॅपटॉपवरच्या स्क्रिप्टला ४०१, म्हणजे ओळख न पटल्याचा नकार, येतो, ब्राउझरमध्ये मात्र लॉगिन व्यवस्थित होतं. शेडमधल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर स्क्रिप्टची जुनी प्रत आहे. ती त्याच चाव्यांवर (वूकॉमर्सने काढून दिलेल्या की आणि सीक्रेटच्या जोडीवर) चालते, पण लाइट जाऊन आली की तिलाही ४०१ येतो, आणि काही वेळाने पुन्हा चालू केली की चालते. शिवाय 'आजचा भाव' हे पान स्क्रिप्टमधून बदलायला गेलं तर ते एकदाही जमलेलं नाही. पासवर्ड बदलून झाला, चाव्या नव्या काढून दोन्हीकडे टाकून झाल्या, फरक शून्य.

तुम्ही तिन्ही तक्रारी एका आजाराची लक्षणं धरून चालला आहात. त्या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. तिन्हींचा आकडा एकच, म्हणून घोळ होतोय. आणि तुमच्या सांगण्यातली सगळ्यात कामाची माहिती तुम्ही जाता जाता दिली आहे: शेडमधली जुनी प्रत त्याच चाव्यांवर चालते. म्हणजे चाव्या चांगल्या आहेत. त्या आता बदलू नका. दर वेळी चावी बदलली की तपासातला एक पक्का खुंटा आपण स्वतःच उपटून टाकतो.

आधी ब्राउझरचं बाजूला करू. 'ब्राउझरमध्ये लॉगिन होतं' यावरून स्क्रिप्टबद्दल काहीच सिद्ध होत नाही. ब्राउझरमध्ये तुम्ही नाव-पासवर्ड देता, वर्डप्रेस कुकी देतं, आणि पुढे प्रत्येक वेळी ती कुकीच तुमची ओळख पटवते. रेस्ट एपीआयसाठी तर नुसती कुकीही पुरत नाही, सोबत नॉन्स नावाचं थोड्या काळापुरतं टोकन लागतं. तुमच्या स्क्रिप्टकडे ना कुकी, ना नॉन्स. ती दर रिक्वेस्टबरोबर कन्झ्युमर की आणि कन्झ्युमर सीक्रेट पाठवते. ॲडमिनचा पासवर्ड आणि या चाव्या यांचा एकमेकांशी संबंध नाही. पासवर्ड बदलला म्हणून चावी बंद होत नाही आणि चालूही होत नाही. भाचेबुवांनी स्क्रिप्टमध्ये थेट ॲडमिनचा पासवर्ड घालून पाहिला असणार, बहुतेक जण पाहतात. वर्डप्रेसचा रेस्ट एपीआय वेगळं प्लगइन घातल्याशिवाय तो पासवर्ड स्वीकारतच नाही.

आता उत्तर वाचायचं. स्क्रिप्टमध्ये तुम्ही फक्त आकडा छापताय आणि तिथेच थांबताय. सर्व्हरने काय म्हटलंय ते आकड्याखालच्या मजकुरात असतं. चार गोष्टी पाहायच्या: आकडा, कंटेंट-टाइप (उत्तर कोणत्या प्रकारचं आहे ते), जेसनमधला (एपीआयचं उत्तर ज्या साच्यात येतं त्यातला) 'कोड' आणि त्याचा 'मेसेज'. लॅपटॉपवर स्क्रिप्ट बाजूला ठेवून कर्ल ही रिक्वेस्ट पाठवणारी कमांड वापरा, 'डॅश व्ही' पर्याय लावून. मोठ्या-लहानच्या चिन्हांकडे लक्ष द्या. उजवीकडे टोक असलेल्या ओळी म्हणजे तुम्ही काय पाठवलं, डावीकडे टोक असलेल्या म्हणजे काय परत आलं. पाठवलेल्या ओळींत 'ऑथरायझेशन: बेसिक' आणि पुढे एक लांबलचक अक्षरमाळ दिसायला हवी. या ओळीला ऑथरायझेशन हेडर म्हणतात. ती अक्षरमाळ म्हणजे की आणि सीक्रेट मध्ये कोलन (:) घालून जोडलेले आणि बेस६४ मध्ये लिहिलेले. बेस६४ ही गुप्त लिपी नव्हे, कोणीही क्षणात उलटी करतो. म्हणून हा सगळा मजकूर व्हॉट्सॲप ग्रुपवर 'कोणी बघेल का' म्हणून टाकू नका.

४०१ आणि ४०३ यांतला फरक एकदा नीट समजला की अर्धं काम होतं. ४०१ म्हणजे सर्व्हरला तुम्ही कोण ते कळलंच नाही. ४०३ म्हणजे कळलं, पण हे काम करायची तुम्हाला मुभा नाही. वूकॉमर्स ऑर्डरी दाखवायला नकार देतं तेव्हा दोन्ही प्रसंगी मजकूर तोच असतो, 'सॉरी, यू कॅनॉट लिस्ट रिसोर्सेस'. बदलतो तो फक्त आकडा. हाच मजकूर ४०३ बरोबर आला तर चावी ओळखली गेली आहे, पण ती ज्या युजरच्या नावावर काढली त्याला ऑर्डरी पाहायचा अधिकार नाही. साध्या ग्राहक-खात्याच्या नावावर चावी काढली की असं होतं. ४०१ बरोबर आला तर सर्व्हरच्या लेखी तुम्ही अनोळखी पाहुणे आहात.

अजून थोडं खोलात. सीक्रेट चुकलं असेल तर वूकॉमर्स स्पष्ट सांगतं, 'कन्झ्युमर सीक्रेट इज इनव्हॅलिड'. चावीला फक्त 'राइट' परवानगी दिली असेल आणि तुम्ही वाचायला गेलात, तर वाचायची परवानगी नाही असंही सांगतं. पण एचटीटीपीएसवर (मजकूर झाकून नेणाऱ्या वाटेवर) मूळ कन्झ्युमर कीच ओळखीची नसेल, किंवा ती सर्व्हरपर्यंत पोहोचलीच नसेल, तर दोन्ही वेळा तेच मोघम 'यू कॅनॉट लिस्ट' येतं. तुम्हाला बहुधा हेच येत असणार. चावी चुकीची नाही हे शेडमधल्या प्रतीने सिद्ध केलंय. मग उरलं एकच: चावी वाटेत गळतेय. वाशीला पेटी पोहोचली नाही म्हणून आपण बागेतलं कलम तोडत नाही, टेम्पो कुठे थांबला ते विचारतो. इथेही तेच करायचं.

वाटेत गळते की नाही हे तपासायची सोपी युक्ती आहे. वूकॉमर्स एचटीटीपीएसवर चावी हेडरऐवजी पत्त्यातही घेतं, म्हणजे प्रश्नचिन्हापुढे 'कन्झ्युमर_की' आणि 'कन्झ्युमर_सीक्रेट' असे दोन पॅरामीटर देऊन. पायथनच्या वूकॉमर्स लायब्ररीत त्यासाठी 'क्वेरी_स्ट्रिंग_ऑथ' नावाचा पर्याय आहे, तो 'ट्रू' करायचा. असं केल्यावर ऑर्डरी धडाधड आल्या तर निकाल लागला. चावी बरोबर, परवानगी बरोबर, युजर बरोबर, फक्त ऑथरायझेशन हेडर सर्व्हरच्या दारात येऊनही पीएचपीपर्यंत, म्हणजे वर्डप्रेस ज्यात चालतं त्या भाषेपर्यंत, जात नाही.

आणि हे नव्या होस्टिंगवर होणं अगदी नेहमीचं आहे. अपाचे सर्व्हर (साइट पुरवणारा प्रोग्राम) पीएचपीला सीजीआय किंवा फास्ट-सीजीआयच्या मार्गाने, म्हणजे वेगळा प्रोग्राम म्हणून, चालवत असेल तर तो ऑथरायझेशन हेडर मुद्दाम पुढे देत नाही. पासवर्ड भलत्या प्रोग्रामच्या हाती लागू नये म्हणून ही जुनी खबरदारी आहे, बिघाड नव्हे. तुमच्या जुन्या होस्टिंगवर पीएचपी वेगळ्या मार्गाने चालत असेल किंवा तिथल्या कोणीतरी ही सोय करून ठेवलेली असेल, म्हणून इतकी वर्षं कळलं नाही.

दुरुस्तीसाठी आधी वर्डप्रेसच्या टूल्समध्ये 'साइट हेल्थ' उघडा. ऑथरायझेशन हेडर पोहोचतो की नाही याची चाचणी तिथे आपोआप होते. ती नापास दिसली तर सेटिंग्जमध्ये 'पर्मालिंक्स' या पानावर जाऊन काहीही न बदलता 'सेव्ह' दाबा. त्याने 'डॉट एचटीॲक्सेस' फाइलमधला वर्डप्रेसचा भाग नव्याने लिहिला जातो. त्यात ५.६ आवृत्तीपासून हा हेडर पीएचपीकडे सरकवणारी एक रीराइट ओळ असते. जुनी साइट उचलून नव्या जागी ठेवताना ही फाइल कोणी हाताने दुरुस्त केलेली असते आणि नेमकी तीच ओळ गळलेली असते. एवढ्याने झालं नाही तर अपाचेच्या २.४.१३ आवृत्तीपासून 'सीजीआयपासऑथ' नावाची सेटिंग आहे, ती त्याच फाइलमध्ये 'ऑन' करून पाहा. होस्टिंगवाल्यांनी तिला मज्जाव केला असेल तर साइटच उघडणार नाही, ५०० येईल. मग ती ओळ काढा आणि त्यांना तिकीट टाका. तिकिटात 'एपीआय चालत नाही' असं लिहू नका, त्यावर 'आमच्याकडून सर्व ठीक आहे' हेच उत्तर येतं. 'ऑथरायझेशन हेडर पीएचपीपर्यंत पोहोचत नाही, पत्त्यात चावी दिली तर चालतं' असं लिहा. पुढचा माणूस लगेच जागा होतो.

पत्त्यात चावी द्यायची युक्ती तपासापुरतीच ठेवा. पत्ता सर्व्हरच्या लॉगमध्ये जसाच्या तसा नोंदला जातो, चावी आणि सीक्रेट दोन्हींसकट. तपास झाला की ती चावी रद्द करून नवी काढा. चावी बदलायची खरी वेळ ती.

आता शेडमधली प्रत. ती का चालते, हे समजून घेतलं नाही तर तुम्ही चुकीचा धडा घ्याल. माझा अंदाज, तिच्या सेटिंगमध्ये साइटचा पत्ता 'एचटीटीपी'ने सुरू होतो, 'एस' नाही. लॅपटॉपवर भाच्याने 'एस' घातला. पायथनची ती लायब्ररी पत्ता बघून गुपचूप पद्धत बदलते. 'एस' असेल तर ऑथरायझेशन हेडर, 'एस' नसेल तर ओऑथ १.०ए नावाची सहीची पद्धत. या दुसऱ्या पद्धतीत सीक्रेट पाठवतच नाहीत. सीक्रेट वापरून रिक्वेस्टवर सही करतात, आणि ती सही, वेळ, एकदाच वापरायचा नॉन्स (नाव तेच, पण वर सांगितलेल्या वर्डप्रेसच्या टोकनशी याचा संबंध नाही) हे सगळं पत्त्यातून जातं. हेडर लागतच नाही, म्हणून तिथे हेडर गळायचा प्रश्न येत नाही. यावरून 'एस काढला की चालतं' असा निष्कर्ष काढून लॅपटॉपवरही तेच कराल, तर ४०१ जाईल. पण ऑर्डरी उघड्यावरून येतील. सही फक्त सीक्रेट सांभाळते, उत्तरात येणारी ग्राहकांची नावं, घरचे पत्ते, फोन नंबर ती झाकत नाही. तेव्हा उलटं करा. हेडरची वाट मोकळी झाली की शेडमधल्या प्रतीलाही 'एस' लावा.

लाइट गेल्यावरचा ४०१ याच सहीमुळे येतो. शेडमध्ये जाऊन त्या वेळचा मेसेज वाचलात तर तो बहुधा 'इनव्हॅलिड टाइमस्टॅम्प' असेल. सही करताना स्क्रिप्ट स्वतःच्या घड्याळातली वेळ घालते, आणि वूकॉमर्स ती वेळ सर्व्हरच्या घड्याळाशी ताडून पाहतं. १५ मिनिटांपेक्षा जास्त मागे-पुढे असेल तर नकार. जुनी रिक्वेस्ट कोणी पकडून पुन्हा वापरू नये म्हणून ही अट आहे.

पायचं घड्याळ मागे का पडतं? रास्पबेरी पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. पाय ५ वर आहे, पण त्याची बॅटरी वेगळी घेऊन जोडावी लागते. लाइट गेली की पायच्या दृष्टीने काळ थांबतो. परत आली की तो शेवटी नोंदवलेल्या वेळेपासून पुढे मोजायला लागतो आणि इंटरनेटवरच्या टाइम सर्व्हरशी जुळवून घ्यायची वाट पाहतो. या दोन क्षणांच्या मधल्या फटीत तुमची स्क्रिप्ट उठते. नेट आलेलं असतं, घड्याळ अजून जुळलेलं नसतं. रिक्वेस्ट जाते, दोन तासांपूर्वीची वेळ घेऊन. ४०१. स्क्रिप्ट बंद. तुम्ही चहा घेऊन येता, पुन्हा चालू करता, तोवर घड्याळ जुळलेलं असतं आणि सगळं 'आपोआप' नीट होतं. मे महिन्यात अवकाळीचा गडगडाट सुरू झाला की आपल्याकडे हा प्रकार रोजचा, आणि नेमकी तेव्हाच पॅकिंगची घाई.

खात्री करायची तर पुढच्या वेळी लाइट आल्याआल्या पायवर 'टाइमडेटसीटीएल' ही कमांड द्या. ती आत्ताची वेळ दाखवते आणि घड्याळ जुळलंय की नाही हे हो-नाहीत सांगते. मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघा. इथे एक गैरसमज होऊ शकतो. स्क्रीनवर भारतीय वेळ आणि जागतिक वेळ यांत साडेपाच तासांचा फरक दिसेल, तो दोष नाही. सहीत १९७० च्या पहिल्या जानेवारीपासूनचे सेकंद जातात, त्यांना टाइमझोन नसतो. टाइमझोन बदलून हा प्रश्न सुटत नाही, आणि घड्याळाचे काटे हाताने साडेपाच तास सरकवले तर नक्की बिघडतो.

इलाज तीन थरांचा. स्क्रिप्ट सिस्टमडीमधून (पायवर प्रोग्राम आपोआप सुरू करणाऱ्या यंत्रणेतून) चालवत असाल तर तिला 'टाइम-सिंक' टार्गेटनंतरच सुरू व्हायला सांगा आणि 'सिस्टमडी-टाइम-वेट-सिंक' ही सर्व्हिस चालू करा. ती नसेल तर नुसतं टार्गेट लिहून उपयोग नाही, पाय घड्याळ जुळायची वाट पाहत नाही. दुसरं, डीएस३२३१ चिपचं छोटं घड्याळ-मॉड्यूल मिळतं, नाण्याएवढ्या बॅटरीवर चालणारं, ते पायला जोडा. खाऱ्या हवेत उघड्या पिना हिरव्या पडतात, तेव्हा झाकणाच्या डबीत बसवा. तिसरं, वर सांगितल्याप्रमाणे एचटीटीपीएसवर या म्हणजे १५ मिनिटांची अटच राहत नाही.

पण एचटीटीपीएसवर आलात म्हणून घड्याळाकडे दुर्लक्ष करू नका. तुमचा पाय जूनपासून मार्चपर्यंत कपाटात पडून असतो. गुढीपाडव्याच्या सुमाराला बाहेर काढून चालू केला की तो स्वतःला अजून मागच्या जूनमध्येच समजतो. बऱ्याच साइट्सचं सर्टिफिकेट, म्हणजे साइटचं ओळखपत्र, लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने दिलेलं असतं, जास्तीत जास्त ९० दिवसांचं. म्हणजे साइटवरचं आत्ताचं सर्टिफिकेट पायच्या हिशेबाने अजून जन्मालाच आलेलं नाही. मग 'सर्टिफिकेट इज नॉट येट व्हॅलिड' अशी एरर येते आणि रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत जातही नाही. इथे बरेच जण कोडमध्ये 'व्हेरिफाय' बंद करून मोकळे होतात. ते अजिबात करू नका. समोरचा सर्व्हर खरा की खोटा हे न पाहता चावी त्याच्या हातात देणं झालं ते.

तिसरी तक्रार, 'आजचा भाव'चं पान. ही सगळ्यात सोपी, आणि चावी कितीही वेळा बदलली तरी सुटणार नाही अशी. कन्झ्युमर की वूकॉमर्सच्या स्वतःच्या पत्त्यांपुरती चालते: ऑर्डरी, प्रॉडक्ट, ग्राहक, कूपन. साधं पान हे वर्डप्रेसचं आहे, त्याचा पत्ता 'डब्ल्यूपी/व्ही२' खाली येतो. तिथे वूकॉमर्स तुमची चावी तपासायलाच जात नाही, आणि वर्डप्रेसला ती कळत नाही. साहजिकच ४०१, कोड 'रेस्ट_कॅनॉट_एडिट'.

तिथे हवा ॲप्लिकेशन पासवर्ड, म्हणजे एखाद्या प्रोग्रामसाठी वेगळा काढलेला पासवर्ड. ही सोय वर्डप्रेसमध्ये डिसेंबर २०२० च्या ५.६ आवृत्तीपासून आहे. युजर्समध्ये आपल्या प्रोफाइलच्या पानावर खाली जाऊन तो काढायचा. साइट एचटीटीपीएसवर नसेल तर तो पर्यायच उपलब्ध होत नाही, आणि काही सिक्युरिटी प्लगइन तो बंद करून ठेवतात. पासवर्ड २४ अक्षरांचा असतो, चार-चार अक्षरांचे गट करून दाखवतात. मधल्या जागा ठेवल्या काय, काढल्या काय, सारखंच. मात्र कर्लमध्ये देताना जागा ठेवल्यात तर अवतरणचिन्हांत घाला. नाव द्यायचं ते वर्डप्रेसच्या युजरचं. पासवर्ड काढताना 'भाव-स्क्रिप्ट' असं जे लेबल दिलंत ते नाव म्हणून चालत नाही. इथे फार जण अडखळतात, कारण त्या पानावर लेबलच ठळक दिसतं.

आपली ओळख पटतेय का हे पाहायला 'डब्ल्यूपी/व्ही२/युजर्स/मी' या पत्त्यावर रिक्वेस्ट पाठवा. ओळखलं असेल तर तुमचं नाव परत येतं. 'रेस्ट_नॉट_लॉग्ड_इन' आलं तर बहुधा हेडर गळतोय, वरचीच गोष्ट. ॲप्लिकेशन पासवर्डला पत्त्यातून पाठवायची पळवाट नाही, तेव्हा हेडरची दुरुस्ती झाल्याशिवाय हे पान बदलणार नाही. 'इनकरेक्ट_पासवर्ड' आलं तर आनंद माना: हेडर पोहोचला, नावही ओळखलं, फक्त पासवर्ड चुकला.

बाकीच्या काही गोष्टी भराभर सांगतो, कारण दुरुस्ती करताना यांतली एखादी मध्येच टपकेल.

आकडा ४०३ आणि मजकूर जेसनऐवजी एचटीएमएल असेल तर तो नकार वर्डप्रेसचा नाहीच. त्याच्या पुढे बसलेल्या फायरवॉलचा किंवा होस्टिंगच्या सुरक्षा-नियमांचा आहे. पायथनची लायब्ररी स्वतःचं नाव युजर-एजंट म्हणून पाठवते, तेवढ्यावरूनही काही फायरवॉल अडवतात. तिथे चाव्या तपासत बसू नका. आकडा २०० आणि मजकूर एचटीएमएल असेल तर रिक्वेस्ट वळवली जाऊन भलत्याच पानावर पोहोचली आहे, बहुतेक वेळा लॉगिनच्या.

वळवण्यावरून आठवलं: साइटचा खरा पत्ता 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'सह आहे आणि तुम्ही त्याशिवाय लिहिलाय, असं असेल तर सर्व्हर ३०१ देऊन वळवतो. पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी आणि कर्ल दोन्ही यजमानाचं नाव बदललं की ऑथरायझेशन हेडर मुद्दाम काढून टाकतात. योग्यच आहे ते, पण दिसायला पुन्हा तेच, विनाकारण ४०१. शिवाय अशा वळणावर पोस्टचं (बदल पाठवणाऱ्या रिक्वेस्टचं) गेट (वाचणारी रिक्वेस्ट) होतं, म्हणजे पान बदलायला गेलेली रिक्वेस्ट नुसती वाचून परत येते. सेटिंगमध्ये शेवटचा, पक्का पत्ता लिहा.

चावीची लांबी मोजा. कन्झ्युमर की असो की सीक्रेट, 'सीके_' किंवा 'सीएस_' धरून बरोबर ४३ अक्षरं. ४४ आली तर शेवटी एन्टर किंवा स्पेस चिकटली आहे. पुढच्या ४० अक्षरांत फक्त शून्य ते नऊ आणि इंग्रजी ए ते एफ असतात. कोणी फोटो पाठवला आणि तुम्ही बघून टाइप केलीत, आणि त्यात 'ओ' किंवा 'एल' दिसतोय, तर ते शून्य आणि एक आहेत, वाद नको. सीक्रेट एकदाच दाखवतात. नंतर यादीत कीची फक्त शेवटची सात अक्षरं दिसतात, त्यांवरून कोणती चावी कोणती एवढं ओळखता येतं.

फोनवर मराठी कीबोर्ड ठेवून पासवर्ड टाइप केला तर अंक देवनागरीत उतरू शकतात. डोळ्यांना ते बरोबरच वाटतात. पायथन अशा वेळी रिक्वेस्ट पाठवायच्या आधीच 'लॅटिन-१ कोडेक'ची तक्रार करतं. ती दिसली तर सर्व्हरला दोष देऊ नका, कीबोर्ड बघा.

आणि ४०१ आल्यावर स्क्रिप्टला पुन्हा पुन्हा प्रयत्न करू देऊ नका. ४२९ (फार वेळा मागितलं) किंवा ५०० च्या घरातला (सर्व्हरचाच बिघाड) आकडा असेल तर थोडं थांबून पुन्हा मागायला हरकत नाही. ४०१ मात्र दुसऱ्यांदा विचारल्याने बदलत नाही. उलट सिक्युरिटी प्लगइन अशा चुकलेल्या प्रयत्नांवरून तुमचा आयपी पत्ता बंद करतं. घरातलं, शेडमधलं, सगळं एकाच फायबरवर असतं, बाहेरून पत्ता एकच दिसतो. मग ब्राउझरमधलं लॉगिनही जातं आणि ऐन अक्षय्य तृतीयेच्या गर्दीत तुम्ही आपल्याच दुकानाबाहेर उभे राहता. तसं झालंच तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून साइट उघडते का पाहा. उघडली तर पत्ता बंद झालाय हे नक्की.

चाव्या वाटताना: शेडमधल्या पायला फक्त 'रीड' परवानगीची चावी द्या. लेबल छापायला लिहायचा अधिकार लागत नाही, आणि सीझनमध्ये शेडमध्ये दहा माणसं येतात-जातात. लॅपटॉपला वेगळी चावी, वर्णनात स्पष्ट नाव घालून. एक हरवली तर तेवढीच रद्द करता येते आणि छपाई थांबत नाही. 'भाव'च्या पानासाठी ॲडमिनचा ॲप्लिकेशन पासवर्ड काढू नका. 'एडिटर' भूमिकेचा वेगळा युजर करा आणि त्याच्या नावावर काढा. आणि भाव वेबसाइटवर ताजा दिसावा म्हणून भाचा कधी पानातल्या जावास्क्रिप्टमध्ये चावी टाकायचा विचार करत असेल, तर त्याला आजच अडवा. पानाचा सोर्स बघणाऱ्या कोणालाही ती दिसेल.

क्रम असा ठेवा: आधी लॅपटॉपवर हेडरची दुरुस्ती, मग शेडमधल्या प्रतीला 'एस' आणि घड्याळ, शेवटी पान. हे करूनही कुठे अडलं तर आकडा, कंटेंट-टाइप, कोड आणि मेसेज हे चारही शब्दशः लिहून पाठवा, कोणत्या यंत्रावरून आणि कोणत्या पत्त्यावर मागितलं तेही. चावीची फक्त शेवटची सात अक्षरं कळवा, सीक्रेट अजिबात नको.